सात हॉर्सपॉवर आणि बैलांची जोडी

१२ ऑगस्ट १९३७, बोरटोला

नागपूरच्या गॅरेजात उस्तादांनी आम्हाला एक सवय लावली होती. इंजिनाची तब्येत लिहून ठेवायची, डोक्याच्या भरवशावर राहायचं नाही. म्हणून ही वही. हिच्यात गाडीशिवाय दुसरं काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे. बघू किती दिवस जमतं ते.

गाडी काल तिरोड्याच्या स्टेशनात मालगाडीतून उतरली. आमच्या गावच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, मुन्नालालजींनी, ती विलायतेला परत निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून घेतली आणि तिच्याबरोबर मला ठेवून घेतलं. गाडी लहान आहे. मालक मागे बसले की दुसऱ्याला जागा उरत नाही. सात हॉर्सपॉवर, चार सिलिंडर, पिस्टन चहाच्या पेल्याएवढे. पाण्याला पंप नाही. गरम झालेलं पाणी आपोआप वर चढतं, रेडिएटरमध्ये निवतं आणि खाली उतरतं. तेल खालच्या टाकीत असतं, तिथून दोन बारीक तोट्यांतून फिरत्या दांड्यावर उडतं. त्या तोट्यांची भोकं सुईच्या नेढ्याहून जराशीच मोठी. त्या चोंदल्या तर बेअरिंगं वितळून इंजिन संपलंच. एका गॅलनात चाळीस मैल जाते असं साहेब म्हणाला. साहेबाचं वजन मालकांच्या निम्मं होतं.

माझी बायको रुख्मा गाडी बघायला आली. दुरूनच बघून म्हणाली, "हे तं वासरूच हाय."

१५ ऑगस्ट

मालकांकडे आजवर रेंगी होती. रेंगी म्हणजे दोन माणसांपुरती हलकी, पळणारी बैलगाडी. ती हाकणारा खुशालबा म्हातारा आहे, पण पाठीत वाक नाही. चांद्या आणि बांड्या ही त्याची जोडी. वासरं होती तेव्हापासून त्यानंच वाढवली. आज मी प्लग साफ करत होतो तर तो येऊन उभा राहिला.

"का गा डायवर, हे खाते काय?"

"पेट्रोल."

"अन् पानी पेते, तेल पेते. मंग वेगळं काय हाय?"

मी त्याला चारही सिलिंडर समजावून सांगितले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दमली तं कशी सांगते?" मी म्हटलं, यंत्र दमत नसतं. तो हसला. म्हातारा खवचट आहे.

संध्याकाळी मालकांनी बोलावून स्पष्टच सांगितलं. "देखो सेवकराम, एक घर में दो सवारी नहीं पोसी जाती. दसऱ्याला आमच्या पोरीचं पक्कं कराले सोयरे येऊन राहिले. तोपर्यंत बघतो. त्यांना गोंदियाहून गाडीनं आणलं तर गाडी राहील, नाही तर रेंगी राहील." म्हणजे मी तरी राहीन नाही तर खुशालबा तरी. नागपूरची जागा मी सोडून आलो, तिथे आता दुसरा माणूस लागला आहे. इथून निघालो तर कुठे जायचं ते मला ठाऊक नाही. ही गाडी चाललीच पाहिजे.

२४ ऑगस्ट

नाल्याजवळ धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर मागची चाकं चिखलात गेली. मालक आत बसलेले. खुशालबा जोडी घेऊन आला आणि गाडी ओढून काढली. इंजिनाचा यात काही दोष नाही, हे मी मालकांना दोनदा सांगितलं. खुशालबा बैलांच्या पायांचा चिखल पुसत बसला. त्यानं टोमणा मारला असता तर उत्तर तरी देता आलं असतं.

३ सप्टेंबर

उद्या पोळा. आज घरोघरी बैलांच्या खांदी शेकल्या. तूप-हळद लावायची, गरम पानानं शेकायचं आणि बैलाच्या कानाशी आवतण द्यायचं. रुख्मा शेतकऱ्याघरची. दारात बैल नाही म्हणून सकाळपासून तिचं तोंड उतरलेलं.

"आपन खांद कोनाची शेकाची?"

मी गमतीनं म्हटलं, आपला बैल शेडमध्ये उभा आहे की. तिनं ते खरंच धरलं. तुपाची वाटी घेऊन शेडमध्ये आली. खांदा सापडेना म्हणून बॉनेटला बोट लावलं आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग मला विचारलं, "हा तेल कोठून पेते?"

मी तेलाचं झाकण उघडून दाखवलं. तेल टाकीत कसं जातं, तोट्यांतून कसं उडतं, सळईवर कसं मोजायचं, सगळं सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल तिनं पहिल्यांदाच विचारलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

४ सप्टेंबर, पोळा

दुपारभर मालकांबरोबर तोरणाखाली होतो. गावच्या सगळ्या जोड्या आल्या. चांद्या-बांड्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल. मालकांच्या जोडीचा मान पहिला असतो. खुशालबा आज मालकापेक्षा मालक दिसत होता.

परत आलो तर गाडी नटलेली. बॉनेटवर हळदीचे पंजे, रेडिएटरच्या झाकणावर झेंडूची माळ, पायरीवर पुरणपोळी आणि तिला मुंग्या. मी थोडा बोललो. हळदीनं रंग जातो. रुख्मा गालातल्या गालात हसत होती.

खुशालबा दारातून म्हणाला, "सजली हाय डायवर तुमची. अन् पोटभर जेवली बी." मी पुरणपोळी उचलून मुंग्या झटकल्या.

६ सप्टेंबर

सळईवर तेल खुणेच्या बरंच वर. पोळ्याच्या आधी मीच मोजायला चुकलो असेन. मी सहसा चुकत नाही. जास्तीचं काढलं नाही, थोडं जास्त असलेलं बरं.

इंजिन आज इतकं शांत चाललं की मालकांनी विचारलं, चालू आहे ना? माझी देखभाल आता दिसायला लागली आहे.

९ सप्टेंबर

रुख्मा माहेरी गेली. तिची वहिनी बाळंत झाली. दसऱ्याच्या आत येईन म्हणाली. जाताना शेडकडे वळून बघितलं. मला वाटलं माझ्याकडेच.

१४ सप्टेंबर

तिरोड्याहून येताना मागून निळसर धूर. आणि एक वास, तळणीचा. आधी वाटलं मालकांच्या स्वयंपाकघरातून येतो. पण गाडी रानात उभी केली तरी वास तोच. पेट्रोलमध्ये कोणी भेसळ केली असेल. प्लग काढले, काळे आणि चिकट. साफ करून बसवले.

१६ सप्टेंबर

मालक कोर्टाच्या कामासाठी रेल्वेनं नागपूरला गेले. पाऊस लागून आहे. गाडी शेडमध्ये. रोज चालू करून बघायला हवं, पण पेट्रोल वाया घालवायचं नाही असं मालक बजावून गेले.

२७ सप्टेंबर

मालक उद्या येणार म्हणून गाडी बाहेर काढायला गेलो. इंजिन चालू करायचं पुढचं हँडल फिरेना. दोन्ही हातांनी, मग पाय देऊन. आतून कोणी धरून ठेवल्यासारखं इंजिन हलत नाही. प्लगांच्या भोकांतून रॉकेल ओतलं, वाट बघितली, पुन्हा जोर लावला. काही नाही.

दसरा तोंडावर आला आहे. आज जेवण गेलं नाही.

२८ सप्टेंबर

शेडमध्ये पत्र्याच्या मागे बांबूची नळी सापडली. एका टोकाला तिरकी कापलेली, बैलांना तेल पाजतात तशी. आतून तेलकट. अशी नळी या वाड्यात एकाच माणसाकडे आहे.

खुशालबाकडे घेऊन गेलो. विचारलं, ही कोणाची?

"माहीच हाय."

"गाडीत काय ओतलं?"

तो म्हणाला, "बाई कोठी हाय तुमची?"

"माहेरी. तिचा काय संबंध?"

"मंग तिले येऊ द्या."

"तुम्ही ओतलं की नाही ते सांगा."

"मले काही सांगाचं नाही, डायवर." आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. चोरी पकडल्यावर माणूस दुसऱ्याच्या बायकोच्या मागे लपतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. आता शंकाच राहिली नाही.

२९ सप्टेंबर

मालकांना सांगितलं. नळी दाखवली. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. "निकालो बुड्ढे को," एवढंच म्हणाले. खुशालबाला बोलावलं तेव्हा तो पागोटं बांधून, तयार होऊनच आला. जाताना दोन्ही बैलांच्या कपाळावर हात ठेवला आणि नाल्यापलीकडच्या आपल्या टोल्यावर, वस्तीवर, गेला.

गोरेगावकडचा एक बैलांचा व्यापारी तेव्हाच अंगणात चहा पीत बसला होता. योगायोगानं आला असावा.

न्याय झाला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं.

३ ऑक्टोबर

इंजिन खोललं. असं काही मी नागपुरात कधी बघितलं नव्हतं. पिस्टनच्या रिंगा खोबणीत चिकटलेल्या, व्हॉल्व आपल्या नळ्यांत रुतलेले, आणि सगळ्यावर डिंकासारखा पिवळट तपकिरी थर. दोन तोट्यांपैकी एक पूर्ण बुजलेली, दुसरीत केसाएवढी वाट. आणखी दहा मैल चाललो असतो तर बेअरिंगं गेली असती. हँडल फिरलं नाही हे नशीबच.

तो थर रॉकेलनं विरघळत नाही, पेट्रोलनं नाही. लोखंडाचे भाग सोड्याच्या पाण्यात उकळले. ॲल्युमिनियमला सोडा खातो, म्हणून तिथे बांबूच्या कामट्यांनी खरवडत बसलो. बोटांची सालं गेली. खरवडताना तोच तळणीचा वास. आता नीट ओळखला, जवसाच्या तेलाचा. आमच्याकडे जवस प्रत्येकाच्या घरी असतो. उन्हात ठेवलं की जवसाचं तेल वाळून चामडं होतं. हे म्हाताऱ्याला ठाऊक असणारच, म्हणूनच त्यानं ते निवडलं.

७ ऑक्टोबर

इंजिन जोडलं. व्हॉल्व घासून बसवले, तोट्या तारेनं मोकळ्या केल्या, नवं तेल भरलं. तिसऱ्या फेऱ्याला चालू झालं. चारही सिलिंडर सारखे बोलत आहेत. मालक बाहेर येऊन ऐकून गेले.

चांद्या-बांड्या आज गेले. व्यापाऱ्यानं गोरेगावच्या बाजूला कुणा हिरालालला विकले म्हणे. दावं सोडलं तेव्हा बांड्या जागचा हलेना. खुशालबाचं नाव घेऊन हाक मारली तर हलेल, असं कोणी तरी म्हणालं, पण मारायची कोणी?

१० ऑक्टोबर

रुख्मा आली. गाठोडं खाली ठेवायच्या आत शेडमध्ये गेली. मी तिच्या मागे. तिनं गाडीवर हात फिरवला आणि विचारलं, "मानवलं का त्याले?"

"काय मानवलं?"

"तेल. पोळ्याले पाजलं ना म्या. माह्या माहेरच्या जवसाचं होतं, घाण्यावर काढून आणलेलं. आवतन देल्लं होतं, मंग उपाशी कसं ठेवाचं? खुशालबानं नळी देल्ली, अन् सांडू नये मनून पकडाची कशी ते दाखवलं." मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "खुशालबा दिसून नाही राहिले. बैल बी नाही."

आज एवढंच लिहवतं.

११ ऑक्टोबर

काल ते ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते असं की गप्प बसावं. गाडी चालते आहे. माझी जागा पक्की आहे. रुख्माला सांगावं, बैल चरायला गेलेत. हे मी इथे लिहितो आहे कारण हे खरं आहे.

पण तिला सगळं सांगून बसलो. ती ओरडली नाही, रडलीही नाही. नुसती म्हणाली, "तुमी मले काऊन नाही विचारलं?" मी इंजिन खोलून शेवटच्या सुईच्या भोकापर्यंत गेलो, आणि माहेरी एक पोस्टकार्ड टाकलं नाही.

मालकांकडे गेलो. झाकण मीच दाखवलं, तेल कुठलं ते मीच सांगितलं नाही, खुशालबाचा दोष नाही, काढायचं तर मला काढा, असं सगळं बोललो. मालक पान लावत होते.

"तो फिर? जोडी तर गेली. अब बैल वापस आएँगे क्या? गाडी चल रही है ना?"

"चलती है."

"बस."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी किती घाबरत गेलो होतो. त्यांना नळी खुशालबाची असो की रुख्माच्या हातची असो, काही फरक पडत नव्हता. तो व्यापारी त्या दिवशी चहा का पीत होता, ते मला आता कळलं.

तिथून तसाच नाला ओलांडून खुशालबाकडे. तो ओसरीत दोर वळत होता. बस म्हणाला.

"फिरते का गाडी?"

"फिरते. खुशालबा, तुम्हाला ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमी तिच्यावर चिडले असते. पोरगी गावात नवी. तिनं काही वाईट केलं का? माह्या बैलाले दर वर्साले हेच तेल पाजतो मी. तुमच्या जनावराले नाही मानवलं, हे मले बी कोठी ठाऊक होतं?" त्यानं दोराला पीळ घातला. "मले वाटलं, ते आली का सांगेल, अन् होईल मोकळं. मालक एवढ्या लवकर काढून टाकतील मनून वाटलं नोहतं."

मी माफी मागितली. त्याला ते आवडलं नसावं, त्यानं विषय बदलला.

"जोडी कशी हाय? नव्या मानसाच्या हातून चारा खाऊन राहिले का?"

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मला सांगावं लागलं. तो दोर वळत राहिला, मग हात आपोआप थांबले. शेवटी त्यानं विचारलं, "दोघंई एकाच घरी गेले का?" मी हो म्हटलं. "हे बेस झालं," म्हणाला.

१४ ऑक्टोबर, दसरा

गोंदियाहून सोयऱ्यांना दोन खेपा करून आणलं. इंजिनानं कुठेही कुरकुर केली नाही. सोयरे खूश, मालक खूश, पोरीचं पक्कं झालं. मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या हातावर सोनं ठेवलं.

सकाळी पूजेला मी गाडी धुऊन उभी केली होती. रुख्मा हळद-कुंकू घेऊन आली, गाडीवरून पुढे गेली आणि गोठ्यात पडलेल्या रेंगीच्या जुवाला लावून आली.

१७ ऑक्टोबर

मालक सोयऱ्यांबरोबर रेल्वेनं रायपूरला गेले आहेत. मी कोणाला न विचारता गाडी बाहेर काढली.

रुख्मानं तेलाची बाटली दिली आणि नळी दिली. नाल्यापलीकडे जाऊन खुशालबाला बसवलं. तो गाडीत पहिल्यांदाच बसला. आधी आत शिरताना चप्पल बाहेर काढून ठेवली, ती मी उचलून आत घेतली. गोरेगावचा रस्ता रानातून जातो, मध्ये मोठा चढ आहे. सबंध वाटेनं त्यानं दाराची कड धरून ठेवली होती.

हिरालाल चांगला माणूस निघाला. आम्ही कोण ते कळल्यावर त्यानं खाट टाकली. खुशालबा खाटेवर बसला नाही. गोठ्याच्या दाराशी जाऊन घसा खाकरला. तेवढ्यानं आतून दावं ताणल्याचा आवाज आला. चांद्या फिरून उभा राहिला. बांड्यानं मान लांब करून त्याच्या पागोट्याचा शेव तोंडात धरला. "सोड बे," खुशालबा म्हणाला आणि सोडवून घेतला नाही.

मग त्यानं दोघांना नळीनं तेल पाजलं. एका हातानं जबडा वर, दुसऱ्या हातानं नळी, थेंब सांडला नाही. बांड्याच्या खांद्यावर नव्या जुवाची जखम होती. हिरालालला जुवाखाली काय बांधायचं ते दाखवलं. हिरालालनं मान डोलावली. निघताना खुशालबानं नळी गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवली.

उद्या मालक येतील. पेट्रोल कुठे गेलं ते मी त्यांना आपणहून सांगणार आहे. मग ठेवोत की काढोत. रुख्मा म्हणते, भांडी बांधायला वेळ लागत नाही.

येताना उतरत्या उन्हात चढ लागला. गाडी दुसऱ्या गिअरवर व्यवस्थित चढत होती. तेल खुणेवर, पाणी भरलेलं, कुठे खडखड नाही, धूर नाही. अर्ध्यावर खुशालबानं कड सोडून समोरच्या पत्र्यावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"गरम झाली हाय," तो म्हणाला. "दम खाऊ द्या तिले."

इंजिनाला थांबायची काही गरज नव्हती. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.